वरचे सुटे

"काकू, सुटे नाहीत का?"

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की हल्ली काउंटरवरच्या मुलीने तोंड उघडायच्या आतच तो माझ्या कानात वाजतो. मी पर्समधून नोट काढते. ती नोटेकडे बघते, मग माझ्याकडे, मग पुन्हा नोटेकडे. नोट उजेडात धरली जाते, तिच्या कडेवरून अंगठा फिरतो. तेवढ्या दोन सेकंदांत, ही नोट आपण घरी तर छापली नाही ना, अशी माझी मलाच शंका येऊ लागते. मागे रांग असते. रांगेत कुणी घसा खाकरला की तो माझ्यासाठीच खाकरला, याबद्दल माझी पक्की खात्री असते.

दुकान स्वस्त मालाचं. माल खोक्यांतच, खोक्याचं तोंड फाडून तसाच फळीवर मांडलेला. काउंटर चार, चालू एक. आणि जिकडे बघावं तिकडे किमतीच्या शेवटी नऊ. बादली नऊवर संपते, साबण नऊवर संपतो, पायपुसणंही नऊवर संपतं. माझं खरं भांडण इथून सुरू होतं. किंमत नऊवर कुणी थांबवली? दुकानाने. मग दर गिऱ्हाइकाला एक नाणं परत द्यावं लागणार, हे आधीपासून कुणाला ठाऊक होतं? दुकानालाच. आणि सुटे कुणी आणायचे? मी!

या नऊबद्दल एक गोष्ट सांगतात. जुन्या काळी किंमत पुरती शंभर असली तर गिऱ्हाईक नोट देऊन चालू लागे आणि विक्रेता ती नोट हळूच खिशात घाली. किंमत नव्याण्णव केली की एक परत द्यायला गल्ला उघडावा लागतो, विक्रीची नोंद होते आणि मालकाचं नुकसान टळतं. गोष्ट इतकी चपखल आहे की ती नंतर कुणीतरी रचली असावी असंच मला वाटतं, आणि तिला भक्कम पुरावाही नाही. आपली नजर डावीकडच्या आकड्यावर अडकते आणि उजवीकडचे नऊ आपण सोडून देतो, हे कारण जास्त पटतं. पण त्या गोष्टीत एक मर्म आहे. तिच्यातली किंमत नाण्यांचा विचार करून ठरलेली आहे. आजच्या दुकानात किंमत ठरवणारा वेगळा, गल्ल्यात नाणी आहेत का ते बघणारा वेगळा, आणि त्या दोघांची आयुष्यात कधी गाठ पडत नसावी.

गल्ल्याचं यंत्र मात्र खरोखरच खिशात जाणाऱ्या पैशांपायी जन्माला आलं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाच्या माणसाचा दारूचा गुत्ता होता. धंदा जोरात, पण नोकरांच्या हातचलाखीमुळे गल्ला कायम रिकामा. 1878 साली तो युरोपला निघाला असताना जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र त्याने पाहिलं. पंख्याचे फेरे मोजता येतात तर विक्री का नाही मोजता येणार, असं त्याच्या मनात आलं. परत आल्यावर त्याने भावाच्या मदतीने यंत्र बनवलं आणि 4 नोव्हेंबर 1879 रोजी त्याचं पेटंट मिळालं. पहिल्या यंत्राला खण नव्हता, घड्याळासारखी तबकडी तेवढी होती. खण आणि ती 'टिंग' वाजणारी घंटा मागाहून आली. घंटा वाजली की मालकाला बसल्या जागी कळे, गल्ला उघडला.

काउंटरवरच्या मुलीला "अगं, एवढ्या नोटेची मोड देतेस का?" असं विचारलं की ती "खण उघडत नाही काकू" म्हणते, त्याचं मूळ तिथे आहे. आजही बहुतेक दुकानांत रोखीचं बिल झाल्याशिवाय खण उघडत नाही. विक्री नसताना उघडायचा तर वेगळं बटण दाबावं लागतं, त्याची नोंद राहते आणि संध्याकाळी जाब विचारला जातो. बरीच वर्षं मी हे त्या मुलींचा आळस समजत होते. यंत्र बनलंय त्यांच्यावर नजर ठेवायला आणि राग मात्र येतो माझ्या वाट्याला आलेल्या चेहऱ्यावर.

ज्या वर्षी रिटीला पेटंट मिळालं, त्याच 1879 साली फ्रँक वूलवर्थने आपलं पाच सेंटचं दुकान काढलं. फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या यूटिका इथे काढलेलं काही महिन्यांतच बसलं, पण जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला काढलेलं धो धो चाललं. दुकानातली कुठलीही वस्तू पाच सेंटला. पुढे पाच आणि दहा. मला या कल्पनेतलं सगळ्यात लोभस काय वाटतं सांगू? पाच सेंटचं नाणं होतं आणि दहा सेंटचंही होतं. किंमत म्हणजेच नाणं! नाणं ठेवा, वस्तू उचला. मोड नाही, सुटे नाहीत, "वरचे दोन द्या" नाही. दहा सेंटची ही मर्यादा कंपनीने 1932 पर्यंत सांभाळली. दरम्यान 1913 साली न्यूयॉर्कमध्ये तेव्हाची जगातली सगळ्यात उंच इमारत उभी केली, तीही कर्ज न काढता, रोखीने. एकेका नाण्याची इमारत.

जपानमधली शंभर येनची दुकानं हीच युक्ती, कारण शंभर येनचंही नाणं आहे. पण एप्रिल 1989 मध्ये तिथे तीन टक्के विक्रीकर आला आणि शंभराचे एकशे तीन झाले. एका नाण्याच्या सुटसुटीत व्यवहाराला तीन चिमुकली नाणी चिकटली. त्या सुमारास सरकारला एक येनची नाणी ढिगाने पाडावी लागली. अॅल्युमिनियमचं ते नाणं अवघं एक ग्रॅम वजनाचं आहे. हातावर ठेवलं तरी कळू नये इतकं हलकं, पण त्याच्यावाचून दुकान अडलं.

स्वस्त दुकानांचा इतिहास वाचताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि मग ती डोक्यातून जाईना. ही दुकानं रोखीवरच उभी राहिली. 1912 साली अमेरिकेतल्या ए अँड पी या किराणा साखळीने 'इकॉनॉमी' दुकानं काढली. उधारी बंद, घरपोच बंद, दुकान सांभाळायला जेमतेम एक माणूस. रोख मोजा, माल उचला, पिशवी तुमची, पाय तुमचे. वसुलीची वही नाही, बुडीत खाती नाहीत, म्हणून भाव कमी. म्हणजे सवलत मिळायची ती रोख देणाऱ्याला, रोख देण्याबद्दल. जर्मनीतल्या आल्डी या स्वस्त दुकानांच्या साखळीचं पाऊल त्याच वाटेवर. तिथल्या कॅशियर बरीच वर्षं स्कॅनरशिवाय किमती नाहीतर नंबर पाठ करून बोटं चालवायच्या आणि स्कॅनरला मागे टाकायच्या. क्रेडिट कार्डाचं शुल्क नको म्हणून या साखळीने जर्मनीत 2015 पर्यंत आणि अमेरिकेत 2016 पर्यंत क्रेडिट कार्ड घेतलंच नाही. तेव्हा काउंटरवर अवघडून उभा राहायचा तो कार्डवाला. "फक्त रोख" ही पाटी त्याच्यासाठी असायची.

आता पाटी उलटली. कार्ड टेकवणाऱ्याचं काम दोन सेकंदांत होतं आणि दोन सेकंदांवर या धंद्याचा जीव आहे. नफा चिमूटभर, माणसं मोजकी. एका माणसाने तासाला किती बिलं केली, याचाही हिशोब कुठेतरी लागत असतो. त्यात मी येणार, पर्स उघडणार, चश्मा शोधणार, नाणी पालथी करून आकडा वाचणार. पूर्वी दुकानाचा खर्च वाचवणारं गिऱ्हाईक मी होते, आता खर्च वाढवणारं झाले. मी तीच, नोट तीच. एवढंच, की ही बदललेली मांडणी मला कुणी समजावून सांगितली नाही, ती काउंटरवरच्या एका उसाशातून कळली.

बरं, मग मी कार्ड का नाही वापरत? मुलगा हे दर महिन्याला विचारतो. माझ्याकडे कार्ड आहे, फोन आहे, फोनमध्ये लागतं ते सगळं आहे. तरी स्वस्त दुकानात मी रोखच देते, कारण तिथे मला माझा भरवसा नाही. महाग दुकानात मी भानावर असते. स्वस्त दुकानात मात्र हात सैल सुटतो. "एवढंसंच तर आहे" म्हणत टोपली भरते आणि घरी आल्यावर तिसरी किसणी निघते. पाकिटात मोजके पैसे असले की हात आपोआप आखडतो.

मराठीत आपण 'नोट मोडणे' म्हणतो. किती नेमका शब्द आहे! मोडणं म्हणजे तुकडे करणं. दागिना मोडतात, लग्न मोडतं, मन मोडतं, तशीच नोट मोडते, आणि मोडल्यावर ती परत तशी होत नाही. अखंड नोट चार-चार दिवस पाकिटात नांदते, एकदा मोडली की संध्याकाळपर्यंत तिची वाट लागते. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव या दोन अभ्यासकांनी 2009 मध्ये हेच प्रयोगांतून दाखवलं. तेवढीच रक्कम एका मोठ्या नोटेत असली तर माणूस खर्चायला कचरतो, सुट्यांत असली तर सहज खर्चून टाकतो. त्याआधी 2001 मध्ये ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी बास्केटबॉलच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली होती, काहींना रोखीने आणि काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांनी रोखवाल्यांच्या दुपटीपर्यंत बोली चढवली. हे वाचून मी मुलाला म्हटलं, बघ. तो म्हणाला, "आई, तू बास्केटबॉलची तिकिटं घेत नाहीस." कार्ट्याला उत्तर द्यायचं कसं?

पैसे हातातून सुटताना जीवाला थोडं लागावं, हीच माझी रोखीकडून अपेक्षा आहे. पण ते लागणं पैशाचं असावं, अपमानाचं नको. स्वस्त दुकानात हे दोन्ही एकाच वेळी वसूल होतात.

आता 'वरचे सुटे'. ही माझी लाडकी कला आहे आणि बहुधा माझ्याबरोबरच जाणार. बिल सोळा झालं, माझ्याकडे वीसची नोट आहे. मी नोट देते आणि वर एक देते, की पाचाचं एक नाणं परत यावं. तिची चार नाणी वाचली, माझी पर्स हलकी, दोघींचं भलं. पण त्या मुलीने तोवर वीसचा आकडा दाबून टाकलेला असतो. पडदा म्हणतो, चार परत द्या. ती माझ्या त्या एका नाण्याकडे वाट चुकून आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी बघते. मी म्हणते, "अगं, एकवीस झाले ना, सोळा गेले की पाच." ती पडद्याकडे बघते. पडदा चारच म्हणतो. शेवटी ती माझं नाणं मला परत देते आणि वर चार नाणी मोजून हातावर ठेवते. मी आले त्याहून चार नाण्यांनी जड होऊन निघते. मागचा माणूस पुन्हा घसा खाकरतो. तिला गणित येत नाही असं अजिबात नाही. पण गणित तिने करायचंच नाही, अशी व्यवस्था आहे. चुकून कमी पडले तर काही ठिकाणी तिच्या पगारातून जातात. मग ती माझ्यावर विश्वास ठेवेल की पडद्यावर?

मोड देण्याच्या या कोड्यावर खरेखुरे गणिती बसलेले आहेत. जेफ्री शॅलिट यांनी 2003 मध्ये हिशोब मांडला, की एक, पाच, दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांत एक डॉलरच्या आतली मोड द्यायची तर सरासरी 4.7 नाणी लागतात. त्यात अठरा सेंटचं एक नाणं वाढवलं तर 3.89 वर काम भागतं. अठरा! हे वाचून मी मोठ्याने हसले. कारण मोठ्यात मोठं नाणं आधी उचला, मग त्याहून लहान, ही मोड देण्याची साधी रीत तिथे फसते. छत्तीस द्यायचे असतील तर त्या रीतीने पंचवीस, दहा आणि एक अशी तीन नाणी होतात, खरं तर अठरा-अठराच्या दोन नाण्यांत भागलं असतं. आमच्या काउंटरवर अठराचं नाणं आलं तर मी आणि ती मुलगी दुकान बंद होईपर्यंत तिथेच सापडू.

काही देशांनी वेगळा रस्ता धरला आणि बारीक नाणीच काढून टाकली. न्यूझीलंडने 1990 मध्ये, ऑस्ट्रेलियाने 1992 मध्ये एक-दोन सेंटची नाणी बंद केली. कॅनडाने 2013 च्या फेब्रुवारीपासून एक सेंट वाटायचं थांबवलं. तिथे रोखीचं बिल जवळच्या पाचाच्या पटीत न्यायचं. एक-दोन असले तर खाली, तीन-चार असले तर वर, सहा-सात खाली, आठ-नऊ वर. ऐकायला न्याय्य. पण एकच वस्तू घेतली आणि तिचं बिल नऊवर संपत असलं, की रोखवाला दर वेळी वरच जाणार. कार्डवाल्याला मात्र शेवटच्या सेंटपर्यंत अचूक बिल. एक सेंट म्हणजे काहीच नाही हे मलाही कळतं. पण 'काहीच नाही' असं म्हणताना ते नेहमी माझ्याच बाजूचं कसं असतं? इटलीत 1970 च्या दशकात नाण्यांचा दुष्काळ पडला तेव्हा दुकानदार मोडीऐवजी गोळ्या आणि टेलिफोनची टोकनं देऊ लागले, बँकांनी छोट्या रकमांचे चिटुकले चेक छापले. तिथल्या कुणा काकूने पुढच्या वेळी त्याच गोळ्या देऊन बिल भागवलं असेल का, हे मला फार जाणून घ्यायचं आहे.

मोड परत देण्याच्या पद्धतीवर तर मी स्वतंत्र लिहू शकते. आधी तळहातावर पावती, पावतीवर नोटा, नोटांवर नाणी. हा मनोरा एका हातात, दुसऱ्या हातात पिशवी. पावती गुळगुळीत, नाणी घरंगळतात. आधी नाणी हातात देऊन मग नोट दिली तर मूठ मिटता येते, हे इतकं सोपं आहे. त्यात स्वस्त दुकानाच्या काउंटरला पलीकडे टेकायला जागाच नसते. माझे पैसे पर्समध्ये जायच्या आत मागच्या माणसाचा झाडू माझ्या कोपराला लागलेला असतो.

मग आली यंत्रं, स्वतःचं बिल स्वतः करायची. चार यंत्रांपैकी तिघांवर 'फक्त कार्ड'. चौथं रोख घेतं, पण त्याला नोट इस्त्रीची लागते. कोपरा दुमडलेला असला की ते ती जीभ काढल्यासारखी बाहेर ढकलतं. मी नोट मांडीवर घासून सरळ करते, उलटी घालते, सुलटी घालते. यंत्र काही बोलत नाही, उसासाही सोडत नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या मुलीचा उसासा आठवतो.

रोख नाकारायचा दुकानाला हक्क आहे का, असंही मी एकदा तावातावाने शोधलं. अमेरिकेत खाजगी दुकानाने रोख घेतलीच पाहिजे असा देशभराचा कायदा नाही. पण मॅसॅच्युसेट्स राज्यात तसा कायदा 1978 पासून आहे, न्यूयॉर्क शहरात 2020 पासून. नॉर्वेने ऑक्टोबर 2024 पासून दुकानातला रोख देण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क आणखी घट्ट केला. पण 'सुटे नाहीत का' असं विचारू नये, असा कायदा कुठेही सापडला नाही.

गेल्या आठवड्यात मात्र वेगळंच घडलं. घरातली बरणी नाण्यांनी गळ्यापर्यंत भरली होती, ती कापडी पिशवीत ओतून मी निघाले. काउंटरवर नेहमीचीच मुलगी. खणाच्या कडेला चिकटपट्टीने कागद लावलेला, सुटे देऊन सहकार्य करा. मी बिलाची रक्कम नाण्यांत मोजून दिली, अगदी शेवटच्या एकासकट. तिचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर मागे बघावंसं वाटलं, हे हसू नक्की कुणासाठी आहे.

"अजून आहेत, काकू?"

मी पिशवी काउंटरवर ठेवली. ठण्ण आवाज झाला. ती म्हणाली, "सगळी घेते मी, तुम्हाला नोट देते." आम्ही दोघी मोजायला बसलो, म्हणजे ती बसली आणि मी उभी. दहा-दहाच्या चवडी लागल्या. मागची रांग शेजारच्या काउंटरकडे निघाली, तो बंद आहे हे कळल्यावर परत आली. हिशोब जुळला. ती नोट काढायला वळली आणि थांबली. माझं बिल झाल्यावर खण बंद झाला होता. किल्ली साहेबांकडे, आणि साहेब मागे माल उतरवत होते.

"पुढच्या बिलाला उघडेल," ती म्हणाली. "थांबा हं दोन मिनिटं."

मी बाजूला सरकले. पुढच्या बाईंनी फोन टेकवला. टुण. खण हलला नाही. त्यांच्यामागच्याने कार्ड टेकवलं. टुण. मग ज्याचा घसा मला ओळखीचा होता तो माणूस आला. त्याने चवडींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फोन काढला. टुण.

"हे असंच असतं दुपारी," मुलगी हळूच म्हणाली.

चौथा एक शाळकरी पोरगा होता, हातात दोन वह्या. तिने वह्या मशीनखालून सरकवल्या, आकडा सांगितला. पोराने वह्या काखेत धरल्या आणि पँटच्या खिशात हात घातला. खिसा खोल असावा. तिने मान थोडी पुढे केली, मीही केली, आणि तो हात बाहेर यायची आम्ही दोघी वाट बघत राहिलो.